गिलनेटचा परवाना आणि रखडलेली पाहणी

१ ऑगस्टला मासेमारी बंदी उठली तरी माझी होडी किनाऱ्यावरच होती, कारण गिलनेटच्या, म्हणजे मासा ज्यात येऊन अडकतो त्या उभ्या जाळ्याच्या, परवान्याच्या नूतनीकरणाची पाहणी झाली नव्हती. अर्ज, विमा, मच्छीमार संस्थेचा दाखला, खलाशांची ओळखपत्रं हे सगळं बिनबोभाट पार पडलं.

पाहणी मला मान्य आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं महाराष्ट्र शासनानं पर्ससीनचे, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून कड्यांतल्या दोरानं आवळायच्या मोठ्या जाळ्याचे, नवे परवाने बंद केले, असलेले टप्प्याटप्प्यानं १८२ पर्यंत खाली आणायचं ठरवलं आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. यासाठी आम्ही रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे), गिलनेटवाले वर्षानुवर्षं भांडलो. पण मग काहींनी गिलनेटच्या नाहीतर ट्रॉलिंगच्या (होडीमागं ओढायच्या जाळ्याच्या) परवान्यावर मिनी पर्ससीन चालवायला घेतली. तेव्हा होडीवर खरंच कुठलं जाळं आहे ते अधिकाऱ्यानं डोळ्यांनी बघायलाच हवं.

पण बघायला कुणी आलं तर ना! कार्यालयात जावं तर साहेब फिरतीवर. फोन करावा तर "यादीत नाव आहे, कळवू." एका अधिकाऱ्याकडे कितीतरी बंदरं असतात, हे मला कळतं. तरी नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यात गेला, शेजारच्या होड्या बांगडा घेऊन यायला लागल्या आणि माझे खलाशी पडवीत बसून विचारत होते, "शेठ, कधी जायचं?" त्यांना उचल आधीच दिलेली. रात्री खडपावर उभं राहिलं की लांबवर एलईडी दिव्यांनी मासे ओढून धरणाऱ्या होड्यांचा झगझगाट दिसायचा. ती मासेमारी कायद्यानं बंद आहे, तरी ते समुद्रात आणि कागद पुरे केलेला मी किनाऱ्यावर. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी संस्थेच्या चेअरमनना सोबत घेऊन लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. मग हालचाल झाली. तोंडी विचारत बसू नका, पहिल्यापासूनच लेखी द्या.

प्रत्यक्ष पाहणी पाऊण तासाचीसुद्धा नव्हती. जाळं वाळूत पसरलेलं होतं. साहेबांनी एक आस, म्हणजे जाळ्याचं भोक, दोन बोटांनी ताणून पट्टी लावली, मग खालचा शिशाचा दोर हातातून सरकवत शेवटपर्यंत गेले, कुठं पर्ससीनच्या कड्या बांधल्यात का ते बघायला. इंजिनाचा नंबर घेतला, फोटो काढले. हो, होडीवरचा नोंदणी क्रमांक पुसट झाला असेल तर आधी रंगवून घ्या. फोटोत तो वाचता आला नाही म्हणून आमच्याकडच्या एकाची पाहणी परत करावी लागली. आणि परवान्याची एक प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून होडीवरच ठेवा, गस्ती नौका तीच मागते.

जून-जुलैत बंदी असते, तेव्हा सगळ्या होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी घरात असतात. पाहणी त्याच दिवसांत, बंदरवार तारखा लावून करा, असं निवेदन आमच्या संस्थेनं दिलं आहे. इतर संस्थांनीही द्यावं.