नऊ मैलांचा तोरा

"गळ वर घे!" शेजारचे आजोबा ओरडले. मला वाटलं, शार्क आला की काय. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनहून त्यांच्या बोटीने निघालो होतो. किनारा केव्हाच दिसेनासा झाला होता. आजोबांचा डोळा मात्र जीपीएसवर. ९ सागरी मैल ओलांडले होते. इथून पुढे केंद्राचं पाणी, आणि तिथला हंगाम जूनपर्यंत बंद. (जूनमध्ये! आपल्याकडे तेव्हा होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात.) रेड स्नॅपर, म्हणजे आपली तांबोशी, टेक्ससच्या पाण्यात बारमाही चालते: माणशी ४, किमान १५ इंच. रेषेपलीकडे हंगामातही माणशी २, आणि १६ इंच.

"९ मैलच का?" हे मी विचारायला नको होतं. बोट वळवता वळवता अर्धा तास इतिहास ऐकला. टेक्सस स्वतंत्र देश होता तेव्हा, १८३६ मध्ये, त्याने ३ लीगपर्यंतचा, म्हणजे ९ सागरी मैलांचा, समुद्र आपला म्हणून कायदा केला. १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला. पुढे समुद्राच्या तळाखाली तेल निघालं आणि केंद्राने कोर्टात खेचलं. १९५० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, सामील झालात तेव्हाच इतर राज्यांसारखे झालात, समुद्रावरचा हक्क गेला. १९५३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून राज्यांना किनाऱ्यालगतचा तळ परत दिला, आणि १९६० मध्ये त्याच कोर्टाने टेक्ससचे ९ मैल मान्य केले. शेजारचं लुइझियाना ३ मैलांवरच राहिलं. हे सांगताना आजोबांचा चेहरा असा, जणू वकीलपत्र त्यांनीच घेतलं होतं.

मला तो तोरा झोंबला. "आमच्या राज्याचे मच्छीमार १२ मैलांपर्यंत जातात," मालवणी माणूस गप्प कसा बसेल? पण मासे राज्याच्या अखत्यारीत असले तरी तळ आणि त्याखालचं सगळं घटनेच्या कलम २९७ ने केंद्राचं, हे काही सांगितलं नाही. परक्यापुढे घरचं कशाला काढा? शिवाय कलमाचा आकडा मलाही घरी आल्यावरच सापडला. आणि इथल्या तळातल्या तेलाचा पैसा टेक्ससच्या शाळांच्या निधीत जातो, माझी लेक तिथल्याच सरकारी शाळेत. तेव्हा आजोबांशी फार वाद घालण्यात अर्थ नव्हता.

रेषेच्या अलीकडे एकच तांबोशी लागली. आजोबांनी ती पट्टीवर आडवी केली, शेपटी चिमटीत दाबली. साडेपंधरा. मग पुन्हा एकदा जीपीएस पाहिला.

"टेक्सस!" म्हणाले, आणि तिला बर्फात टाकलं.