अंधारात डायोड किती व्होल्ट देतो?

डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे कायम हलतच असतात. मग डायोडने त्यांची एक बाजू अडवली, तर नुसत्या खोलीच्या उबेवर वीज मिळायला हवी, नाही का? लिऑन ब्रिल्वँ या भौतिकशास्त्रज्ञाने १९५० साली नेमका हाच प्रश्न घेतला आणि तसं होणार नाही, हे दाखवलं. तरी मला ते स्वतःच्या मीटरवर बघायचं होतं.

बेळगावात दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात डायोड मागितले. दुकानदारकाकांनी विचारलं, "काचेचे देऊ की काळे?" पुढच्या सगळ्या प्रयोगाची किल्ली याच प्रश्नात होती. मी दोन्ही घेतले: काचेचे १एन४१४८ आणि काळे १एन४००७. मीटर घरातलाच, दोनशे मिलिव्होल्टची रेंज असलेला स्वस्तातला.

टेबललॅम्पखाली काचेच्या डायोडने लगेच काही मिलिव्होल्ट दाखवले. काळ्याने काहीच नाही. म्हणजे ही उष्णतेची नव्हे, उजेडाची वीज. काचेतून प्रकाश आतल्या सिलिकॉनवर पडतो आणि तो इवलासा सोलर सेल होतो. लाल एलईडी उन्हात धरली तर दीड व्होल्टच्या आसपास जाते, तेही याचमुळे.

मग डायोडची माळ केली. एकाला एक जोडत गेलो, पण आकडा जवळपास तिथेच! इथे मी बराच वेळ अडकलो आणि खरं सांगायचं तर इथेच सगळ्यात जास्त शिकलो. अशा मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक मेगाओम, म्हणजे दहा लाख ओम असतो. डायोड देतो मोजके नॅनोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे अब्जांश. दहा नॅनोअँपिअर एक मेगाओममधून गेले की दहा मिलिव्होल्ट. माळ कितीही लांबवा, करंट तेवढाच. तेच डायोड समांतर जोडले तेव्हा आकडा सरसर चढला.

उरला अंधार. पुठ्ठ्याच्या खोक्यात काळ्या कापडाखाली ठेवूनही शेवटचा अंक नाचत होता, वायरीजवळ हात नेला की जास्तच. पावसाळ्याची संध्याकाळ होती, तेवढ्यात गल्लीतली लाइट गेली आणि मीटर एकदम शांत झाला. घरातल्या वायरिंगमधली सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारी वीज (५० हर्ट्झचा गुणगुणाट) डायोडपर्यंत पोचत होती आणि डायोड ती एकाच दिशेची करून मीटरवर दाखवत होता. लाइट आल्यावर सगळं स्टीलच्या डब्यात घातलं, डबा मीटरच्या काळ्या वायरीला जोडला, झाकण घट्ट लावलं. ००.०. आई म्हणाली, "झालं असेल तर डबा दे, चिवडा भरायचाय." डबा आणखी थोडे दिवस माझ्याकडेच राहणार आहे.

कारण हा मीटर ०.१ मिलिव्होल्टच्या खाली बघू शकत नाही. इवलेसे व्होल्ट मोठे करणारी चिप, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प लावायचाय, पण त्यातला नेहमीचा ७४१ चालणार नाही. त्याचा इनपुट करंटच पन्नास-शंभर नॅनोअँपिअरच्या घरात, तो डायोडमधून वाहून खोटे व्होल्ट दाखवेल. म्हणून ज्याचा इनपुट करंट खूपच कमी असतो तो टीएल०७१ मागवलाय.