ई-पुस्तकासाठी रांग कशाला?

अमेरिकेत नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना मी सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड काढण्याचा आग्रह करतो. गावच्या रहिवाशाला ते विनामूल्य मिळते, अनामत किंवा वर्गणी भरावी लागत नाही, आणि ‘लिबी’ हे ॲप फोनवर घेऊन त्यात कार्डाचा क्रमांक भरला की घरबसल्या ई-पुस्तके वाचता येतात. पण थोड्याच दिवसांत त्यांच्याकडून ठरलेला प्रश्न येतो: पुस्तक म्हणजे जर एक फाईल आहे, तर गाजलेल्या कादंबरीसाठी कित्येक आठवडे होल्डवर, म्हणजे मागणी नोंदवून रांगेत, का थांबायचे?

याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून कराराच्या अटींमध्ये आहे. विकलेल्या छापील प्रतीवर प्रकाशकाला पुढे किमतीची बंधने घालता येत नाहीत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली ठरवले आणि पुढच्याच वर्षी या तत्त्वाला कायद्यात स्थान मिळाले. त्यामुळे ग्रंथालय बाजारभावाने पुस्तक विकत घेते आणि त्याची पाने सुटी होईपर्यंत हवे तितक्या वाचकांना देते. ई-पुस्तक मात्र ग्रंथालयाला बहुधा विकले जातच नाही. ते वापरण्याचा परवाना मिळतो आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक ही त्यांतली नेहमीची अट असून, मोठ्या प्रकाशकांचे परवाने अनेकदा दोन वर्षांनी संपतात, म्हणजे पुस्तक संग्रहात टिकवायचे तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. एकेका परवान्याची किंमत पुष्कळदा ५० डॉलरांच्या वर जाते, आणि तेच ई-पुस्तक तुम्ही-आम्ही विकत घेतले तर १५ डॉलरांच्या आसपास पडते.

२०११ साली हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने आणखी एक मर्यादा आणली: २६ वेळा पुस्तक दिले गेले की परवाना संपणार. दोन आठवड्यांचे एक वाचन धरले तर २६ वाचने म्हणजे बरोबर एक वर्ष. छापील प्रत झिजते म्हणून कधीही न झिजणाऱ्या फाईलनेही झिजल्यासारखे वागावे, ही कल्पना मला आजही विनोदी वाटते. ग्रंथपालांना मात्र त्यात विनोद दिसला नाही आणि काही ग्रंथालयांनी त्या प्रकाशकाची खरेदीच थांबवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने नवे पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेला, मग ती कितीही मोठी असो, एकच ई-प्रत देण्याचे धोरण लागू केले. त्यावरही बहिष्कार झाला आणि मार्च २०२० मध्ये, साथीमुळे ग्रंथालयांची दारे बंद होत असताना, ते धोरण मागे घेतले गेले.

हे ठाऊक असले की पुस्तक घेण्याची पद्धत बदलावी लागते. परवाना मुदतीचा असेल, तर वाचून झालेले पुस्तक लवकर परत केल्याने रांगेतल्या पुढच्या माणसाचा थेट फायदा होतो. परवाना वाचनांच्या संख्येवर बांधलेला असेल, तर तुम्ही पुस्तक तीन आठवडे ठेवा किंवा न उघडता तासाभरात परत करा, त्यातले एक वाचन खर्च होतेच. वाचकाला यांपैकी कोणता परवाना आहे ते दिसत नाही, म्हणून सगळ्यात सभ्य मार्ग असा की, पुस्तक हाती यायची वेळ आली आणि वाचायला सवड नसली तर लिबीमधील पुढे ढकलण्याची सोय वापरावी. रांगेतले आपले स्थान जात नाही आणि मधल्या काळात पुस्तक दुसऱ्याला मिळते. केवळ पाहू तरी म्हणून एकदम दहा पुस्तके उतरवून घेणे हे लग्नाच्या पंगतीत पान भरून घेऊन उठण्यासारखे आहे.

उपकरणांबद्दल थोडे. फोनवर किंवा टॅबवर लिबी पुरेसे आहे. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरवर (ई-पुस्तके वाचायच्या उपकरणावर) ग्रंथालयाचे पुस्तक २०११ पासून घेता येते, पण ही सोय अमेरिकेतल्या ग्रंथालयांपुरतीच आहे आणि पुस्तक ॲमेझॉनच्या खात्यातून येते. आपण काय वाचतो याची नोंद ग्रंथालयाबाहेरच्या कंपनीकडेही जाते, हे ज्याला खटकते त्याने याचा विचार करावा. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या बऱ्याच ई-रीडरांत ग्रंथालयाची सोय आतच बसवलेली असते, त्यामुळे कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांना मी कोबोच सुचवतो. संगणकावरून जुन्या रीडरवर पुस्तक चढवायचे असेल, तर आधी ‘एसीएसएम’ नावाची छोटी फाईल मिळते. हे पुस्तक नव्हे, ती पुस्तक आणण्याची चिठ्ठी असते. ॲडोबी डिजिटल एडिशन्स या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडली की खरे पुस्तक कुलूपबंद रूपात उतरते आणि मग यूएसबी केबलने रीडरवर पाठवता येते. नवख्यांची सर्वाधिक गडबड इथेच होते, कारण ते ती चिठ्ठीच रीडरवर टाकतात आणि पुस्तक का उघडत नाही म्हणून हैराण होतात.

किंडल विमान मोडवर ठेवून मुदतीनंतरही पुस्तक वाचत राहण्याची युक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. ग्रंथालयाच्या हिशेबात पुस्तक वेळेवर परत झालेले असते आणि पुढच्या वाचकाचा खोळंबा होत नाही, म्हणून शेवटची चार प्रकरणे अशी संपवणाऱ्याला मी दोष देणार नाही.

मराठी वाचकाची खरी अडचण रांगेच्या आधीच सुरू होते. आमच्या ग्रंथालयाच्या ई-संग्रहात इंग्रजीखालोखाल स्पॅनिश भरपूर आहे. मराठीच्या नावाने शोध घेतला तर भाषा शिकवणारे एखाद-दुसरे पुस्तक निघते. संग्रहात नसलेल्या पण लिबीत सापडणाऱ्या पुस्तकावर ‘मला कळवा’ अशी खूण करता येते आणि ती मागणी ग्रंथालयापर्यंत पोहोचते. आपल्या भागातल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या सूचनापत्रात ही सोय कशी वापरायची ते चार ओळींत छापावे, असे मी यंदा कार्यकारिणीला कळवले आहे.