दर वाढले त्या दुपारी

परदेशी फंडांच्या सौद्यांचं सेटलमेंट आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात होतं. खरेदी-विक्री त्यांचे डीलर करतात, पैसा आणि कागद जुळवणारे आम्ही. (सरकारी रोख्याला आम्ही अजून कागदच म्हणतो. हातात मात्र कधी येत नाही.)

४ मे २०२२. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया, त्यामुळे डब्यात उरलेला आमरस. दोनच्या सुमाराला शेजारच्या नव्या पोरानं मोबाइल डब्याला टेकवला. दर ठरवायची जूनची बैठक व्हायची असताना रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास मधेच बोलायला बसले होते. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ४.४०. माझा घास हातातच राहिला.

पोरगा खूश. "ताई, व्याज वाढलं म्हणजे परदेशी पैसा येणार! आज ओव्हरटाइम!"

ओव्हरटाइम झाला, पण विक्रीचा. वर्षाला ६.५४ टक्के व्याज देणारा, २०३२ला मुदत संपणारा कागद, तेव्हाचा दहा वर्षांचा बेंचमार्क, म्हणजे बाजार ज्याच्याकडे बघून दर मोजतो तो. त्याचं यील्ड, म्हणजे आजच्या भावानं घेतला तर पडणारा परतावा, ७.१२वरून ७.३८वर गेलं. यील्ड चढलं की भाव पडतो, म्हणजे शंभराच्या कागदामागे पावणेदोन रुपये साफ. नव्यानं घेणाऱ्याला वाढीव व्याज गोड, पण आधीपासून घेऊन बसलेल्याचं काय? बाजार बंद व्हायला पाव तास उरला असताना सिंगापूरच्या एका फंडाचा मेल आला: सगळं विकलंय, कन्फर्म करा. दर, रक्कम, सेटलमेंटची तारीख मी दोनदा ताडून पाहिली. घाईत टिंब इकडचं तिकडे झालं तर रात्र तिथेच.

त्याच रात्री अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडनंही व्याजदर अर्धा टक्का वाढवला. सोमवारपर्यंत डॉलर ७६.४०च्या आसपासवरून ७७.४०च्या पुढे. ठाण्याच्या लोकलमध्ये मी पोराला तिकिटामागे हिशेब मांडून दाखवला. भावात पावणेदोन, रुपयात सव्वा. मिळून तीन टक्के, म्हणजे ६.५४च्या हिशेबानं साडेपाच महिन्यांचं व्याज चार कामाच्या दिवसांत गेलं. डॉलर मोजणारा माणूस आपलं ७.३८ बघून भुलत नाही. रुपया कुठवर घसरणार आणि दर अजून किती चढणार, हे तो आधी विचारतो.

पोरगा म्हणाला, "मग हे लोक येणार तरी कधी?"

तोच फंड डिसेंबरात आला. रेपो तोवर ६.२५ झाला होता आणि यील्ड मे महिन्यापेक्षा थोडं कमीच, म्हणजे दर चढूनही कागद आता पडत नव्हता. खरेदीचा मेल पोरानंच उघडला आणि माझ्याकडे बघून नुसता हसला.