दोन्ही हात भिंतीला

आपल्या शाळेला तलाव नव्हता, तरी आमच्या वेळी शाळेची पोहण्याची टीम होती. ती उभी केली आमच्या पी.टी.च्या सरांनी, एकहाती. कोल्हापुरात कुस्तीला तालीम होती, फुटबॉलसाठी पेठाच्या पेठा जाग्या असायच्या, पण पोहणं हा खेळ आहे असं कुणी धरत नसे. पंचगंगेच्या घाटावरनं सूर मारायचा, मळ्यातल्या विहिरीत मुटका मारायचा, लहान असलं तर पाठीला डबा बांधायचा. मीही तसाच शिकलो. आठवीत सर मला पहाटे सायकलवर डबलसीट घेऊन रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकवर गेले, खिशातून चावीचं स्टॉपवॉच काढलं आणि म्हणाले, "आता पोहू नकोस, पळ."

नववीत जिल्हा स्पर्धेत बटरफ्लायला, म्हणजे दोन्ही हात एकदम पुढे टाकून पोहण्याच्या प्रकारात, मी सगळ्यांच्या पुढे होतो. शेवटी दम संपला आणि मी एकाच हातानं भिंत गाठली. बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. पंचांनी मला बाद केलं, ते बरोबरच होतं. परतीच्या वाटेवर सर एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी मला हॉलमध्ये बाकावर पालथं झोपवलं आणि समोरच्या भिंतीला दोन्ही हात एकदम लावायला सांगितलं. "पाणी नसलं म्हणून काय झालं? भिंत हाय की." पुढे महिनाभर रोज हेच चाललं. त्या भिंतीचा चुना माझ्या बोटांना लागलेला असायचा.

दहावीत असताना, १९८६ मध्ये, सोलच्या एशियाडमध्ये खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायला रौप्यपदक मिळवलं. सरांनी परिपाठाला ती बातमी वाचून दाखवली. १९५१ साली दिल्लीत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं होतं, त्यानंतर भारताला एशियाडमध्ये पोहण्यातलं हे पहिलंच पदक. "पस्तीस वर्षं लागली," एवढं बोलून सरांनी पेपराची घडी घातली.

पुढच्या पदकाला २४ वर्षं लागली, आणि ते आणलं कोल्हापुरात जन्मलेल्या वीरधवल खाडेनं. तो आपल्या शाळेचा नव्हे, पण गावाचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलला उतरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षी मी काय करत होतो हे आठवलं की त्याच्या पहाटा किती लवकर सुरू झाल्या असतील ते कळतं. बेंगळुरूला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे त्याचा सराव झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझू एशियाडला ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं २४.३१ सेकंदात कांस्यपदक घेतलं. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. सर निवृत्त झाले होते, डोळ्यांनी कमी दिसायचं. बातमी ऐकून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

पुढच्या वर्षी वीरधवलला अर्जुन पुरस्कार मिळाला. मग तहसीलदाराची नोकरी आली. सरकारी कचेरीत बसणाऱ्या माणसाला दिवसातून दोनदा पाण्यात उतरणं कसं जमावं? बरीच वर्षं तो मागे पडला, आणि परत आला. हे परत येणं मला पदकाहून मोठं वाटतं. २०१८ मध्ये जाकार्ता एशियाडला त्यानं ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत वेळ आली २२.४७, आणि कांस्यपदक गेलं २२.४६ ला.

मी आता शालेय स्पर्धांत टाइमकीपर म्हणून बसतो. एका लेनला तीन घड्याळं असतात, तिन्ही वेगळी वेळ दाखवतात आणि मधली वेळ धरली जाते. सेकंदाचा शंभरावा भाग माणसाच्या अंगठ्याला पकडताच येत नाही, तो भिंतीवरच्या, हात लागताच घड्याळ थांबवणाऱ्या टचपॅडलाच कळतो. वीरधवलच्या वेगानं पोहणारा माणूस तेवढ्या वेळात सव्वादोन सेंटिमीटर जातो, बोटाच्या एका पेराएवढं. जाकार्ताच्या त्या अंतिम फेरीच्या रात्री मला झोप लागली नाही. सर तेव्हा हयात नव्हते.

२०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवलनं ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेत त्याची पत्नी ऋजुता हिनंही महिलांच्या ५० मीटरचं सुवर्ण घेतलं.

सरांचं स्टॉपवॉच त्यांच्या मुलानं मला दिलं होतं. आपल्या शाळेच्या या महोत्सवात ते मी शाळेला देत आहे. त्यावर सेकंदाचे पाचच भाग आहेत, पण चावी दिली की ते अजून चालतं. कपाटात ठेवलं तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी चावी द्यावी, आणि जमलं तर एखाद्या पोराला अंबाई टँकवर न्यावं.