सायलेंट मोड

वाईच्या वाड्यात शूटिंग, आजीचा सीन होता आणि साउंड माझ्याकडे. ती नातवाशी कुजबुजत बोलणार, आणि माझ्या हेडफोनमध्ये मधमाश्यांसारखी सलग गुणगुण! पंखे, फ्रिज सगळं बंद केलं, तरी जाईना. शेवटी बूम (लांब काठीवरचा माइक) घेऊन फिरलो. आवाज खिडकीबाहेरच्या एचएमआयचा, म्हणजे शूटिंगच्या प्रखर दिव्याचा होता. बॅलास्टमधून (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) जास्त, थोडा दिव्यातूनही.

कॅमेऱ्यात फ्लिकर, म्हणजे प्रकाशाची लुकलुक, दिसू नये म्हणून फ्लिकर-फ्री मोडमध्ये बॅलास्ट दिव्याला चौकोनी लहरीचा प्रवाह देतो. प्रकाश स्थिर राहतो, पण त्या लहरीच्या तीक्ष्ण कडांमुळे दिवा गातो. सायलेंट मोड त्या कडा गोलसर करतो. आवाज उतरतो, फ्लिकरचा धोका मात्र वाढतो. सेकंदाला २४-२५ फ्रेमला सहसा निभावतं, स्लो मोशनला नाही.

"दादा, सायलेंटवर टाकता का?" मी गाफरना, म्हणजे लाइटिंगच्या प्रमुखांना विचारलं. कॅमेऱ्यावर तपासून त्यांनी लगेच टाकलं, आणि लांब केबल जोडून बॅलास्ट मागच्या गोठ्यात हलवला. एक मुलगा त्यावर घोंगडी टाकायला निघाला होता. त्याला थांबवलं, कारण बॅलास्टला हवा लागतेच, नाहीतर तो तापतो.

हे रेकीलाच, म्हणजे आधी जागा बघायला जातो तेव्हाच ठरायला हवं होतं, आणि रेकीला साउंडवाल्याला न्यायलाच हवं. डबिंगमध्ये आजींचा तो कुजबुजतानाचा श्वास परत मिळाला नसता. पुढच्या टेकला तो मला स्वच्छ ऐकू आला.