आयआरएफ५१० अखेर खरा सापडला (आणि त्यातला एक लगेच उडवला)

मंडळी, बिटएक्सचा (घरी जोडायचा हॅम रेडिओचा संच) पीए, म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायर, अखेर बोलू लागला. मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ते आठवत असेल: चाळीस मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) रिसीव्हर झकास, पण ट्रान्समिटला डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचे ५० ओहमचे रेझिस्टर) ११ व्होल्ट पीक. म्हणजे जेमतेम सव्वा वॅट. त्यानंतरचे पाच रविवार मी बायस, ड्रायव्हरचा २एन२२१९, लो-पास फिल्टर असं सगळं उकलून परत जोडलं. आउटपुटचा टीव्ही बालन (टीव्ही अँटेनाच्या जोडणीतला फेराइटचा गाभा) तीनदा गुंडाळला. दोष यातल्या कशातच नव्हता. पीएचा मुख्य मॉसफेट ट्रान्झिस्टर, आयआरएफ५१०च, खोटा होता.

कळलं ते असंच, चहा पिता पिता. काढून टी४ टेस्टरवर (सुटे भाग तपासायचं छोटं यंत्र) लावला तर गेटचा, म्हणजे मॉसफेटच्या नियंत्रणाच्या पायाचा, कपॅसिटन्स दीड नॅनोफॅरड, म्हणजे दीड हजार पिको! डेटाशीट म्हणते १८० पिकोफॅरड. टी४ ड्रेनला व्होल्टेज न देता मोजतो, त्यामुळे खऱ्यालाही तीनशेच्या आसपास दाखवतो, पण दीड हजार? ७ मेगाहर्ट्झला दीड नॅनो म्हणजे जेमतेम पंधराएक ओहमचा अडथळा. ड्रायव्हर बिचारा ढकलून ढकलून किती ढकलणार. मग गेटला ९ व्होल्टची बॅटरी लावली, ड्रेनमधून १ अँपिअर सोडला आणि ड्रॉप मोजला: ०.०९ व्होल्ट. खऱ्या ५१० वर अर्धा व्होल्ट तरी पडायला हवा. म्हणजे आत कुणीतरी थोरला मॉसफेट बसलाय आणि वर धाकट्याचं नाव लिहिलंय. मोटर किंवा एलईडी चालू-बंद करणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, उलट त्याचं काम बरंच होतं. रडतो फक्त आपण आरएफवाले.

बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन छपाईवरून फिरवलं. कापूस काळा झाला, अक्षरं गेली आणि खाली घासलेल्याच्या बारीक रेघा दिसल्या. खरं तर आयआरचा (मूळ कंपनी इंटरनॅशनल रेक्टिफायर) चकचकीत लोगो बघूनच शंका यायला हवी होती. तो धंदा २००७ मध्ये विशे कंपनीकडे गेला, आणि माझ्या नगावर डेट कोड होता त्यानंतर दहाएक वर्षांचा.

हे दहा नग मी २५ रुपयांना एक या भावाने ऑनलाइन मागवले होते. कुठून ते लिहीत नाही, पण ‘ओरिजिनल’ हा शब्द तिथे तीनदा लिहिलेला होता. दहाही सारखेच निघाले.

मग पायपीट. पुण्यात तापकीर गल्लीत दोन दुकानांत ५१० नव्हताच. ‘५४० घ्या ना, त्याच्यापेक्षा पॉवरफुल आहे,’ असा सल्ला मात्र फुकट मिळाला. पासोड्या विठोबाजवळ एकाकडे होता, पण टेस्टर काढल्याबरोबर त्याने डबा आत सरकवला. राग आला, पण त्याचंही काय चुकलं म्हणा. त्यालाही कुणीतरी ‘ओरिजिनल’ म्हणूनच विकला असेल.

शेवटी शनिवारी डेक्कन क्वीन, दादरला उतरून स्लो लोकलने ग्रँट रोड. तिथल्या लॅमिंग्टन रोडचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचं, पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर दुकानदारही गोंधळतो. चौथ्या दुकानात एक म्हातारे काका होते. मी भीत भीत विचारलं, ‘चेक करून घेतले तर चालेल?’ ते म्हणाले, ‘लगाके देखो, जल्दी क्या है.’ खालच्या खणातून त्यांनी जुनी प्लॅस्टिकची नळी काढली, दोन्ही टोकांना पिवळी पडलेली बुचं. आत तीनच नग. पहिला लावला: २९० पिको. दुसरा २९५, तिसरा २८८. मी तिथेच दात काढून हसलो असणार, कारण काकाही हसले. ८० रुपयांना एक. घासाघीस केली नाही.

रात्रीच बसवला. २३ व्होल्ट पीक, सव्वापाच वॅट! वीस १ के रेझिस्टरांचा माझा डमी लोड पहिल्यांदाच हाताला गरम लागला. पाच मिनिटं नुसता हात धरून बसलो होतो.

आणि मग अतिशहाणपणा. वाटलं, बायस (गेटवरचं स्थिर व्होल्टेज) थोडा वाढवू, आवाज स्वच्छ होईल. प्रीसेट उलट्या बाजूला फिरवला, मीटरकडे बघेपर्यंत सप्लायने करंट लिमिट मारलं आणि तीनातला एक गेला. ड्रेन-सोर्स शॉर्ट. मी मुंबईला जाऊन ज्याला घरी आणलं त्याचं आयुष्य चाळीस मिनिटं.

दुसरा बसवलाय, चालतोय, तिसरा डबीत. पण एकेका मॉसफेटसाठी दर वेळी मुंबई गाठणं परवडणारं नाही. अशर फरहान यांनी बिटएक्स आखला तोच मुळी आपल्या बाजारात मिळेल त्या मालावर. टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या कड्या) मिळत नव्हते म्हणून त्यांनी नळाचे वॉशर वापरले. मग मी एकाच नंबरच्या मागे का लागलोय? हे लिहिता लिहिताच सुचतंय: बीएस१७० या छोट्या मॉसफेटचे तीन-तीन पॅरलल, पुश-पुल (दोन गट आळीपाळीने काम करणारे). गेट कपॅसिटन्स किरकोळ, आणि पैशाला पासरी असल्यामुळे त्यांची नक्कल करण्यात कुणाला रस नाही. निदान माझा समज तरी तसा. घरात २एन७००० ची पिशवी पडलीय, पण तो २०० मिलिअँपिअरचा, बीएस१७० पाचशेचा. शिवाय दोघांचे पाय एकमेकांच्या उलट, ड्रेनच्या जागी सोर्स. गेल्या वर्षी की-इंग (मोर्सच्या चावीच्या) सर्किटमध्ये मी त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

पुश-पुलला बालन कोर दोन लागतील. सेट-टॉप बॉक्स आल्यापासून दुकानात टीव्हीचा बालन मागितला तर लोक आपल्याकडे दयेने बघतात. बुधवारी जुन्या बाजारात भंगार टीव्हीवाल्याकडे चक्कर मारतो. कुणाकडे पडून असतील तर आधी सांगा, तेवढाच फेरा वाचेल.